लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

महाराष्ट्राबाहेर ज्यांचे कर्तृत्व फुलले अशा मराठी माणसांची नावे घेताना आपण बहुधा न्यायाधीश, प्राध्यापक किंवा संगीतज्ञ ह्यांच्याकडे वळतो. सैनिकाचे नाव त्या मानाने उशिरा आठवते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात ह्यांचे सेवाजीवन वायव्य सरहद्दीपासून आराकानपर्यंत आणि कोरियापासून लखनौपर्यंत पसरलेले होते, आणि एका जुन्या प्रश्नाचे उत्तर देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हिंदी माणूस पलटणीचे नेतृत्व करू शकतो काय, हा तो प्रश्न.

शंकररावांचा जन्म 1906 साली कोल्हापूर संस्थानात झाला. पुण्यास शिक्षण घेऊन ते सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात गेले आणि 1926 मध्ये त्यांना राजाची सनद मिळाली. त्या काळी ही सनद हाती पडणे सोपे नव्हते, आणि ती मिळाल्यावरचा मार्गही मोकळा नव्हता. 1923 साली सरकारने हिंदीकरणासाठी आठ पलटणी व रिसाले वेगळे काढले होते. योजना वरवर उदार दिसे. परंतु गोऱ्या अधिकाऱ्यांना हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली नोकरी करण्याचा प्रसंग येऊ नये, हा तिच्यातील हेतू कोणापासून लपलेला नव्हता. पहिली चौदावी पंजाब ही त्या आठांपैकी एक होती आणि थोरात तिच्यात दाखल झाले.

ह्या एका पलटणीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे मोहनसिंग तिचेच अधिकारी. लाल किल्ल्यातील खटल्यामुळे घरोघरी पोहोचलेले शाहनवाझ खान तिचेच. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयूब खान हेही तिचेच. डिसेंबर 1941 मध्ये मलायात जपान्यांच्या धडकेपुढे ही पलटण उद्ध्वस्त झाली. थोरात त्या वेळी तिच्यासोबत नव्हते. एका भोजनगृहात एकत्र जेवलेल्या तरुणांच्या वाटा काळाने किती दूरदूर नेल्या, हे पाहिले म्हणजे कोणा एकाला शूर आणि दुसऱ्याला द्रोही ठरविण्याची घाई करू नये असे वाटते.

युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी सैन्यात सनदी हिंदी अधिकारी जेमतेम चारशे होते. युद्ध संपेपर्यंत सक्तीची भरती न करता ह्या सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली. इतके जवान स्वेच्छेने येत असता अधिकारी मात्र गोरेच असावेत, हा हट्ट टिकणे शक्य नव्हते. पंचविसाव्या हिंदी डिव्हिजनमधील 51 व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे आले, ते ह्याच पार्श्वभूमीवर. आठव्या एकोणिसाव्या हैदराबाद पलटणीवर थिमय्या, सोळाव्या दहाव्या बलूचवर एल. पी. सेन आणि दुसऱ्या दुसऱ्या पंजाबवर थोरात होते. ब्रिगेडियर हटन तेवढे इंग्रज.

जानेवारी 1945 मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे ह्या ब्रिगेडची कसोटी लागली. दक्षिणेकडे माघार घेणाऱ्या जपानी सैन्याचा रस्ता तेथे अडवावयाचा होता. खाड्या, चिखल आणि खारफुटीचे रान ह्यांतून नावांनी उतरून टेकड्या काबीज करावयाच्या. ब्रिटिश कमांडो 22 जानेवारीस आधी उतरले आणि त्यांच्यामागून ही ब्रिगेड आली. रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या एका टेकडीला नकाशावर मेलरोज असे नाव दिले होते. जपान्यांनी तेथे खंदक खणून पक्के ठाण मांडले होते. हैदराबाद पलटणीने प्रथम चढाई केली, पण टेकडी पूर्णपणे हाती आली नाही. 29 जानेवारीस थोरातांची पंजाब पलटण चढली. हातघाईची लढाई झाली, पुष्कळ माणसे कामी आली आणि टेकडी पडली. थिमय्या, सेन आणि थोरात ह्या तिघांनाही डी.एस.ओ. हा बहुमान मिळाला. आठ पलटणींच्या योजनेमागील शंका त्या चिखलातच गाडली गेली. दुसरी दुसरी पंजाब ही पलटण 1949 मध्ये नव्याने उभारलेल्या गार्ड्स ब्रिगेडची पहिली पलटण झाली. जातिवार भरती बाजूस सारून सर्व प्रांतांच्या जवानांना एकत्र घेणारी अशी ती स्वतंत्र भारताची पायदळातील नवी रेजिमेंट होती.

1953 मध्ये कोरियात मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे 22,600 युद्धकैद्यांची राखण करण्यास भारतीय दल गेले, त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचे पाऊल पडू देण्यासही नकार दिल्याने जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल ह्यांना आपल्या कुंपणात ओढून नेले. गोळीबार केला असता तर मोठा संहार झाला असता आणि ग्रेवालही वाचले नसते. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः आत गेले, कैद्यांच्या घोळक्यात बोलत राहिले आणि ग्रेवालांना सोडवून बाहेर आले. आमच्या मते कांगॉच्या चढाईपेक्षा हे धैर्य उणे नव्हे. त्यांना अशोकचक्र (वर्ग दुसरा) देण्यात आले.

1957 मध्ये ते लखनौ येथे पूर्व विभागाचे प्रमुख झाले. 8 ऑक्टोबर 1959 रोजी त्यांनी सेनामुख्यालयास धाडलेल्या टिपणात चीनपासूनचा धोका आणि आपल्या बळाची अपुरी अवस्था स्पष्ट मांडली. थेट सीमारेषेवर विखरून न लढता मागे बोमडिलाच्या आसपास भक्कम फळी धरावी, म्हणजे शत्रूची रसद लांबेल आणि आपली जवळ राहील, असा त्यांचा विचार होता. मार्च 1960 मध्ये ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी तो तपासूनही पाहिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांना हे भय अवास्तव वाटले.

सेनाप्रमुख थिमय्यांनी आपल्या पश्चात थोरातांची शिफारस केली होती. निवड मात्र थापर ह्यांची झाली. ते थोडे ज्येष्ठ होते हे खरे. 1961 च्या मे महिन्यात थिमय्या व थोरात दोघेही निवृत्त झाले आणि लखनौची सूत्रे हाती घेतली ती कांगॉचे तिसरे सोबती सेन ह्यांनी. नोव्हेंबर 1962 मध्ये बोमडिला पडले.

पराभवानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले, ते टिपण आपल्याला आधी का दाखविले नाही अशी विचारणा केली आणि राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांची नेमणूक झाली. थिमय्या 1965 च्या डिसेंबरात सायप्रसमध्ये निवर्तले. शंकररावांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषविले, 1986 मध्ये ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट 1992 मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.