टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती : बद्रुद्दीन तय्यबजी

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचं नाव आपल्या घरांत दोन कारणांनी घेतलं जातं. एक म्हणजे मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम, आणि दुसरं म्हणजे काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. दोन्ही कामं मोठीच आहेत. पण त्यांच्या आयुष्यातलं एक तिसरं काम आपल्या मुलांना फारसं ठाऊक नसतं. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्यांना जामीन देणारे न्यायमूर्ती तय्यबजी होते. वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं एकमेकांकडे बघतात. म्हणून आज हा मरहूम बॅरिस्टर आणि त्यांचा तो हुकूम, दोन्हींविषयी लिहितो आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ खंभातचं. वालिद तय्यब अली व्यापारी होते. इंग्रजी शिकणं म्हणजे दीन सोडणं, असं समाजात बोललं जायचं असा तो काळ. या व्यापाऱ्याने मात्र आपल्या सातही मुलांना शिकायला युरोपात पाठवलं. बद्रुद्दीन आधी दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले. म्हणजे मदरसा की शाळा, असा वाद त्या घरात झालाच नाही. दोन्ही झालं.

थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झाले होते. विलायतेत सॉलिसिटर म्हणून सनद मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचं बघून बद्रुद्दीनने बॅरिस्टर व्हायचं ठरवलं आणि १८६० मध्ये लंडन गाठलं. पण डोळ्यांनी दगा दिला. नजर इतकी कमजोर झाली की १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परत यावं लागलं. दुसऱ्या एखाद्याने दुकानाची गादी धरली असती. हा तरुण वर्षभराने पुन्हा बोटीत बसला आणि एप्रिल १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबई हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली. या कोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. हायकोर्टात पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. आधी सॉलिसिटर गाठायचा, कागदपत्रं त्याच्या हवाली करायची, मग सॉलिसिटर बॅरिस्टरला काम द्यायचा. सॉलिसिटर बहुतेक गोरे, बॅरिस्टर गोरे, न्यायाधीश गोरे. सगळा कारभार परक्या भाषेत. एखाद्या भेंडीबाजारवाल्यावर किंवा गिरगावकरावर गुन्हा दाखल झाला, तर आपल्याविषयी कोर्टात काय बोललं जातंय हेही त्याला कळायचं नाही. अशा ठिकाणी उर्दू, गुजराती आणि इंग्रजी जाणणारा बॅरिस्टर उभा राहिला, याचं महत्त्व त्यावरून लक्षात येतं. काही वर्षांतच तय्यबजी मुंबईच्या नामांकित वकिलांत गणले जाऊ लागले.

कोर्टाबाहेरही त्यांनी हाच धागा धरला. १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेत गेले. १८७४ मध्ये भाऊ कमरुद्दीन आणि इतर साथीदारांबरोबर अंजुमन-ए-इस्लामची पायाभरणी केली. बोरीबंदर स्टेशनसमोरची तिची भव्य इमारत आजही उभी आहे. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून मोठा गदारोळ झाला. हिंदी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीचा फौजदारी खटला चालवता यावा, एवढीच त्या बिलातली गोष्ट. पण गोऱ्या लोकांना ती सहन झाली नाही. तेव्हा मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत तय्यबजी बोलायला उभे राहिले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. पुढे १८८५ मध्ये याच तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात तय्यबजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं असं सर सय्यद अहमद खान यांचं मत होतं. तय्यबजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, मतभेद स्पष्ट मांडला, पण अदब सोडली नाही.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तिथले पहिले मुस्लिम न्यायमूर्ती. आणि दोनच वर्षांनी तो खटला आला.

१८९७ साल पुण्याला फार जड गेलं. प्लेगची साथ, घराघरांत घुसून होणाऱ्या तपासण्या आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेला गोळीबार. सरकार चवताळलेलं होतं. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाच्या निमित्ताने आलेला मजकूर पुढे करून टिळकांवर कलम १२४-अ, म्हणजे राजद्रोह, लावण्यात आला. २७ जुलैच्या रात्री मुंबईत त्यांना अटक झाली. टिळक तेव्हा मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते, तरी दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तिथे न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांनीही तो मंजूर केला नाही. मग मॅजिस्ट्रेटने खटला सेशन्सकडे पाठवला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टिळकांच्या वतीने पुन्हा अर्ज झाला. तो ऐकायला बसले होते तय्यबजी. टिळकांचे बॅरिस्टर होते दिनशा दावर, पारशी गृहस्थ.

तय्यबजींसमोर प्रश्न काय होता, हे नीट समजून घेतलं पाहिजे. टिळक बरोबर की चूक, हा नव्हता. त्या लेखात राजद्रोह आहे की नाही, हाही नव्हता. ते पुढे ज्युरीने ठरवायचं होतं. टिळकांचं राजकारण आणि तय्यबजींचा मवाळ मार्ग यांत अंतर होतंच. पण तेही त्या दिवशी विचारात घ्यायचं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट मुख्य मानली : हा माणूस खटल्याच्या दिवशी कोर्टात हजर राहील का? इतका नावाजलेला माणूस पळून जाईल असं मानायला आधार नव्हता. उलट, महिनाभर तुरुंगात ठेवून शेवटी तो निर्दोष ठरला, तर न्यायाचाच पराभव होईल, असं त्यांनी आपल्या हुकमात म्हटलं. जामीन मंजूर झाला.

खटला ८ सप्टेंबरला सुरू झाला. म्हणजे टिळकांना साधारण पाच आठवडे मोकळे मिळाले. या पाच आठवड्यांचं मोल वकील सांगतील. सरकारविरुद्धच्या अशा खटल्यात मोठा वकील मिळणं कठीण होतं. बंगालमधल्या लोकांनी वर्गणी जमवली आणि कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे दोन बॅरिस्टर मुंबईला आले. दावर त्यांच्या जोडीला होतेच. तुरुंगाच्या कोठडीतून एवढी जुळवाजुळव करणं किती अवघड गेलं असतं, याचा अंदाज ज्यांच्या घरात कोणी कोठडीत राहून आलंय त्यांना सांगायला नको.

निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय, तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मग जामिनाचा उपयोग काय झाला, असं कोणी विचारेल. उपयोग हा, की टिळक हातपाय बांधलेल्या माणसासारखे कोर्टात उभे राहिले नाहीत. तयारीने, आपल्या पसंतीच्या वकिलांसह उभे राहिले. जामीन म्हणजे सुटका नव्हे आणि जामीन नाकारणं म्हणजे शिक्षा नव्हे, हा फरक त्या हुकमात जपला गेला.

हा फरक किती नाजूक असतो ते अकरा वर्षांनी दिसलं. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी न्यायासनावर होते तेच दावर, आता न्यायमूर्ती झालेले. टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. दावर यांनी जामीन नाकारला. खटल्यात टिळकांनी स्वतःच स्वतःचा बचाव केला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आलं. एकेकाळी ज्यांनी जामीन मागितला त्यांनीच तो नाकारला. तय्यबजी तेव्हा हयात नव्हते. १९०२ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिलं. तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे ते अध्यक्ष होते. मुलींच्या तालीमवर त्यांचा जोर होता आणि आपल्या मुलींना शिकवून त्यांनी तो घरातून सुरू केला. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

वकील, जामीन, फिर्याद, तारीख, हजर. मराठी कोर्टातले हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेत. शब्द आपल्या ओळखीचे, पण कोर्टाची पायरी चढताना आपले लोक सगळ्यात जास्त घाबरतात. मुलगा पकडला गेला की आधी ओळखीचा पुढारी शोधला जातो, मग कोणी तरी मध्यस्थ पैसे घेतो आणि वकील आठवतो तो शेवटी. क्रम उलटा हवा. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला दिला आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कोठडीत असलेल्या माणसाला, तसंच स्त्रियांना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर घरात लिहून ठेवावा.

वकील निवडताना तो आपल्या जमातीचा आहे का, हे बघू नका. फौजदारी काम रोज करणारा आहे का, आपलं नीट ऐकून घेतो का, फीची पावती देतो का, हे बघा. टिळकांनी पारशी वकील घेतला, कलकत्त्याहून इंग्रज बॅरिस्टर आणले, आणि जामीन दिला एका मुसलमान न्यायमूर्तीने. वकिलापासून काही लपवू नका, त्याला अर्धवट सांगितलं तर बचावही अर्धवटच होतो. आणि जामीन मिळाल्यावर तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं आणि जामीनही रद्द होऊ शकतो. हा माणूस हजर राहील, या भरवशावरच तय्यबजींनी तो हुकूम लिहिला होता. टिळक ८ सप्टेंबरला हजर होते.