विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिलेले प्राचार्य : डॉ. म. ना. वानखेडे



आपल्या कासा-डहाणू भागातली पोरं आता कॉलेजात जातात. तिथे विद्यार्थ्यांची मंडळं असतात, भित्तिपत्रक असते, वार्षिक अंक असतो. त्यांना सल्ला द्यायला एक प्राध्यापक नेमतात. तो नुसता सहीपुरता असला तर काय उपयोग? पण तो मनापासून उभा राहिला तर केवढे काम होते, हे डॉ. मनोहर नामदेव वानखेडे यांच्या जीवनावरून कळते.

सरांचा जन्म १९२४ सालचा. विषय इंग्रजी. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमन या कवीवर प्रबंध लिहून त्यांनी १९६५ साली पीएच.डी. मिळवली. तिकडे काळ्या लोकांचे वाङ्मय त्यांनी वाचले. गुलामीत पिचलेल्यांची लेकरं आपले दुःख आपल्याच शब्दांत मांडतात, हे त्यांनी पाहिले आणि ती शिदोरी बांधून ते परत आले.

पुढे ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे कॉलेज बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले. भन्ते नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव त्याला दिले. म्हणजे विद्यार्थ्याने प्रश्न विचारायचे, हे तिथे नावातच आहे. सरांच्या आधी तिथे प्राचार्य असलेल्या म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले. ते बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही झाले.

तीच वाट वानखेडे सरांनी रुंद केली. मिलिंद साहित्य परिषद उभी राहिली. १९६७ साली 'अस्मिता' हे त्रैमासिक निघाले. १९६८ पासून त्याचे नाव 'अस्मितादर्श' झाले. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी २०१८ साली निधन होईपर्यंत ते सांभाळले. सरांचे तरुणांना सांगणे एकच होते : दुसऱ्यांच्या लेखणीची नक्कल करू नका. जे भोगले ते लिहा, आणि रडगाणे नको, विद्रोह लिहा. खेड्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या पोराला प्राचार्यानेच असे म्हटले तर त्याची मान आपोआप ताठ होते. दलित साहित्याची चळवळ वाढली त्यात अशा पोरांचा मोठा वाटा आहे.

१९७८ साली सर गेले. त्यांचे विखुरलेले लेखन 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' या नावाने पुस्तकरूपात आणले ते वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर या कवींनी. यातले निंबाळकर मिलिंदचेच विद्यार्थी. गुरूने पोरांना लिहिते केले, पोरांनी गुरूचे लिहिलेले राखले. याहून मोठी गुरुदक्षिणा कुठली?

म्हणून आईबापांनो, पोराला नुसते मार्क विचारू नका. कॉलेजात कुठल्या मंडळात आहेस, काय लिहितोस, पाठीशी कोणते सर-मॅडम आहेत, हेही विचारा. आणि आपल्यातले जे शिक्षक-प्राध्यापक झालेत त्यांनी तास संपल्यावर लगेच घरची गाडी धरू नये. पोरं थांबलेली असतात.

नमो बुद्धाय! जयभीम!