विश्लेषण : जिन्यावरचा अंधार, गावातली घळ आणि उन्हाळ्याची सुट्टी... बालपणीच्या भीतीची कादंबरी करणारे रे ब्रॅडबरी कोण होते?

छोटे गाव, उन्हाळ्याची सुट्टी, सायकलींवरून भटकणारी मुले आणि गावात शिरलेले काहीतरी भयंकर. हा साचा आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. स्टीफन किंग यांची १९८६ मधील ‘इट’ ही कादंबरी, त्यावर २०१७ मध्ये आलेला चित्रपट, २०१६ पासून नेटफ्लिक्सवर गाजलेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका, सगळ्यांचा गाभा साधारण हाच. पण या वाटेवरून किंग यांच्या कितीतरी आधी एक लेखक चालून गेला होता. त्याचे नाव रे ब्रॅडबरी.

‘फॅरनहाइट ४५१’ या १९५३ मधील कादंबरीमुळे ब्रॅडबरी यांची जगभर ओळख विज्ञानकथाकार म्हणून आहे. मात्र त्यांच्या भयकथांचे मूळ परग्रहावर नाही, तर ते वाढले त्या अमेरिकी शहरात, तिथल्या घरात आणि त्या घराने पाहिलेल्या मृत्यूंमध्ये सापडते.

वॉकीगनमधले घर

ब्रॅडबरी यांचा जन्म २२ ऑगस्ट १९२० रोजी इलिनॉय राज्यातील वॉकीगन येथे झाला. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे शहर. वडील लिओनार्ड वीज कंपनीत लाइनमन होते, आई एस्थर मूळच्या स्वीडनच्या. आजी-आजोबांचे घर अगदी शेजारी.

वरवर पाहता हे सुखाचे बालपण होते. पण या घराला मृत्यू नवा नव्हता. रे यांच्या जन्मापूर्वी या दांपत्याला जुळे मुलगे झाले होते. त्यातला सॅम १९१८ मध्येच दगावला. त्यामुळे रे यांना आई डोळ्यात तेल घालून जपत असे. रे लहान असतानाच आजोबा गेले. सात वर्षांचे असताना धाकटी बहीण एलिझाबेथ न्यूमोनियाने गेली. ती अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती.

इतक्या लहान मुलाला मृत्यू म्हणजे काय हे समजावून सांगणे कोणालाही अवघडच. मग त्याची भीती दुसऱ्या वाटा शोधते. रे यांच्या बाबतीत ती वाट घराच्या जिन्यावरून जात होती. शौचालय वरच्या मजल्यावर होते आणि दिवा लागेपर्यंत जिन्यावरचा अंधार एकट्याने पार करावा लागे. वर काहीतरी दबा धरून बसले आहे, याची त्या मुलाला खात्री होती. वर बघायचे नाही असे ठरवूनही तो दर वेळी बघायचाच आणि ओरडत खाली यायचा. मोठेपणी ब्रॅडबरी हा प्रसंग वारंवार सांगत.

आईचा सिनेमा, आत्याची पुस्तके

गंमत म्हणजे या मुलाच्या भीतीला खतपाणी घरच्यांनीच घातले. रे जेमतेम तीन वर्षांचे असताना आई त्यांना ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ हा मूकपट पाहायला घेऊन गेली. पडद्यावरचा लॉन चॅनी या अभिनेत्याचा कुबडा नायक त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे त्याच अभिनेत्याचा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ही त्यांनी पाहिला.

आत्या नेव्हा रे यांच्यापेक्षा जेमतेम दहा-अकरा वर्षांनी मोठी होती. चित्रे काढणारी, नाटकाचे पोशाख शिवणारी ही आत्या भाच्याला एडगर अ‍ॅलन पो यांच्या भयकथा वाचून दाखवायची. भीती ही केवळ लपवायची गोष्ट नाही, तिच्याशी खेळताही येते, हे त्या मुलाला या आत्यामुळे कळले.

फाडून टाकलेली चित्रे

१९२९ मध्ये वर्तमानपत्रांत ‘बक रॉजर्स’ ही अंतराळातील साहसांची चित्रमालिका सुरू झाली. नऊ वर्षांचे रे रोज ती कापून ठेवत. शाळेतल्या मुलांनी त्यावरून टिंगल सुरू केली. चिडवणे सहन न होऊन त्यांनी सगळी कात्रणे फाडून टाकली.

नंतर मात्र त्यांना रडू आवरेना. जे सर्वांत प्रिय होते तेच दुसऱ्यांच्या हसण्याला घाबरून आपण नष्ट केले, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून कात्रणे जमवायला घेतली आणि चिडवणाऱ्यांची संगत सोडली. लहानपणी जे आवडले आणि ज्याची भीती वाटली, त्याची मोठेपणी लाज बाळगायची नाही, हा धडा ते या प्रसंगातून शिकले. त्यांचे पुढचे सगळे लेखन या निर्णयावर उभे आहे.

१९३२ मध्ये गावात आलेल्या फिरत्या जत्रेतील एका जादूगाराची आठवणही ते आयुष्यभर सांगत राहिले. मिस्टर इलेक्ट्रिको नावाने खेळ करणाऱ्या या माणसाने विजेच्या खुर्चीत बसून आपली तलवार समोरच्या मुलांना टेकवली आणि रे यांना कायम जगण्याचा जणू आदेशच दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपण रोज लिहू लागलो, असे ब्रॅडबरी सांगत. त्याच वर्षी त्यांना खेळण्यातला टाइपरायटरही मिळाला.

कॉलेज नाही, ग्रंथालय

महामंदीत वडिलांची नोकरी गेली. कामाच्या शोधात हे कुटुंब १९३४ मध्ये लॉस एंजेलिसला आले. वॉकीगन सुटले ते कायमचे. १९३८ मध्ये शाळा संपली, पण कॉलेजसाठी पैसे नव्हते. ब्रॅडबरी रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकत आणि उरलेला वेळ सार्वजनिक ग्रंथालयात घालवत.

१९४१ मध्ये मित्र हेन्री हॅस यांच्यासोबत लिहिलेल्या कथेचे साडेसत्तावीस डॉलर मिळाले. ते दोघांनी वाटून घेतले. लेखनाची ही पहिली कमाई. पण तोवरच्या बहुतेक कथा इतरांच्या नकला होत्या, असे त्यांचेच मत होते.

मग त्यांनी एक साधी युक्ती केली. मनात येतील ती नामे कागदावर लिहायला सुरुवात केली : तळे, रात्र, घळ, माळा, जत्रा. हे शब्दच का सुचतात, याचा विचार करताना प्रत्येक शब्दामागे वॉकीगनमधली एखादी भीती निघत गेली. ‘तळे’ या शब्दातून ‘द लेक’ ही कथा आली. लहानपणी सोबत खेळणारी मुलगी सरोवरात बुडते. वर्षांनंतर तिचा मित्र मोठा होऊन त्याच किनाऱ्यावर परततो. ही कथा १९४४ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ या भयकथांच्या मासिकात आली. ती लिहून संपली तेव्हा ब्रॅडबरी रडत होते आणि आपण प्रथमच खरे काहीतरी लिहिले, हे त्यांना उमगले होते. १९४७ मध्ये ‘डार्क कार्निव्हल’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला.

घळीच्या काठावर आई का थरथरली?

वॉकीगनमध्ये झाडीने भरलेली एक खोल घळ आहे. लहानपणी तिच्यातून जाणारी वाट रात्री ओलांडणे म्हणजे मोठेच दिव्य. ब्रॅडबरींच्या लेखनात ही घळ पुन्हा पुन्हा येते.

‘द नाइट’ या त्यांच्या सुरुवातीच्या कथेत उन्हाळ्यातली रात्र आहे. मोठा भाऊ खेळायला गेला तो अजून परतलेला नाही. आई धाकट्याचा हात धरून त्याला शोधायला निघते आणि दोघे घळीपाशी येतात. कथेत भूत नाही, खून नाही. फक्त एका क्षणी मुलाला जाणवते, की आपला हात धरलेला आईचा हात थरथरतो आहे. आईलाही भीती वाटते. म्हणजे मोठे झाल्यावर भीती जात नाही आणि मोठी माणसे प्रत्येक वेळी वाचवू शकतीलच असे नाही. थोड्या वेळाने भाऊ सुखरूप येतो, पण मुलाला जे कळले ते पुसले जात नाही.

या प्रकारच्या भयकथा मोठ्या वाचकांनाही का धरून ठेवतात, याचे उत्तर इथे मिळते. राक्षस कसा दिसतो हे वाचक विसरतो. आई-वडीलही घाबरतात हे ज्या दिवशी कळले, तो दिवस मात्र प्रत्येकाच्या आयुष्यात येऊन गेलेला असतो. अशी कथा वाचकाला त्या दिवसापाशी परत नेते.

पण उन्हाळाच का?

ही कथा पुढे ‘डँडेलियन वाइन’ या १९५७ मधील पुस्तकात समाविष्ट झाली. काळ १९२८ चा उन्हाळा. गाव ग्रीन टाउन, म्हणजे वॉकीगनच. नायक बारा वर्षांचा डग्लस स्पॉल्डिंग. डग्लस हे लेखकाचे मधले नाव, तर स्पॉल्डिंग हे वडिलांचे. नवे बूट, आजोबांनी रानफुलांपासून केलेले पेय, त्याच्या एकेका दिवसाची एकेक बाटली. असे हे पुस्तक वरकरणी सुट्टीच्या गोड आठवणींचे वाटते.

पण सुट्टी मोजकी असते. शाळा सुरू होण्याचा दिवस ठरलेला असतो. डग्लसच्या या सुट्टीत जिवलग मित्र गाव सोडून जातो, गोष्टी सांगणारे म्हातारे कर्नल मरतात, पणजी जाते. एक दिवस आपणही मरणार, हे त्याला समजते आणि तो तापाने फणफणतो. पहिल्यांदा आपण जिवंत आहोत याचा आनंद आणि पहिल्यांदा मरणाची जाणीव, दोन्ही त्याला एकाच उन्हाळ्यात मिळतात. भयकथेला सुट्टीचा काळ शोभतो तो यासाठी. आनंद जितका भरभरून, तितकी तो संपण्याची धास्ती मोठी.

याच पुस्तकात गावातल्या बायकांना मारणारा एक खुनी आहे. अखेर तो मारला जातो, तेव्हा मोठी माणसे सुटकेचा श्वास टाकतात. मुले मात्र हिरमुसतात. मेलेला माणूस खरा खुनी नव्हताच, अशी ती स्वतःची समजूत घालतात, कारण त्यांना घाबरायला कोणीतरी हवे असते. भयकथांच्या आकर्षणावर याहून प्रामाणिक निरीक्षण क्वचितच सापडेल.

रात्री आलेली जत्रा

१९६२ मधील ‘समथिंग विकेड धिस वे कम्स’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध भयकादंबरी. तिचे बीज १९४८ मधील ‘द ब्लॅक फेरिस’ या कथेत होते. अभिनेते-नर्तक जीन केली यांच्यासाठी त्यावर चित्रपटाचा आराखडा तयार झाला. पैसा उभा राहिला नाही, म्हणून ब्रॅडबरींनी त्याची कादंबरी केली.

इथे उन्हाळा सरला आहे, ऑक्टोबर उजाडला आहे. मध्यरात्रीच्या रेल्वेने ग्रीन टाउनमध्ये एक जत्रा येते. तिच्यातील लाकडी घोड्यांचे चक्र सुलटे फिरले की वय वाढते, उलटे फिरले की कमी होते. शेजारी राहणारे विल आणि जिम हे जवळपास १४ वर्षांचे मित्र. जिमला लवकर मोठे व्हायचे आहे. विलचे वडील चार्ल्स हे ग्रंथालयाची देखभाल करणारे ५४ वर्षांचे गृहस्थ. आपण बाप म्हणून फार म्हातारे आहोत, ही खंत त्यांना खाते. जत्रा दोघांच्याही इच्छेवर जाळे टाकते. वडील आपले वय मान्य करून मनमोकळे हसतात, तेव्हाच तिचे बळ ओसरते. ‘द नाइट’मधील आईसारखे हे वडीलही घाबरलेले आहेत, पण ते मुलांसोबत उभे राहतात.

किंग यांच्यापासून मराठीपर्यंत

स्टीफन किंग यांनी १९८१ मध्ये भयसाहित्यावर लिहिलेल्या ‘डान्स मकाब्र’ या पुस्तकात या कादंबरीची सविस्तर चर्चा केली आहे. त्यांच्या ‘इट’मध्ये १९५८ च्या उन्हाळ्यात डेरी या गावातली सात मुले एकत्र येतात, कारण गावातल्या मोठ्यांना संकट दिसतच नाही. ब्रॅडबरींच्या घळीपासून डेरीच्या गटारांपर्यंतचे अंतर फार नाही.

मराठी वाचकांपर्यंतही ही परंपरा पोहोचली आहे. छोट्या गावावर येणारे संकट आणि ते आधी ओळखणारा मुलगा, हे किंग यांच्या १९७५ मधील ‘सेलम्स लॉट’चे सूत्र. नारायण धारप यांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली आहे.

भीती जपलेला माणूस

मंगळावरच्या वस्तीची गोष्ट लिहिणारे ब्रॅडबरी स्वतः कधीच मोटार चालवायला शिकले नाहीत. किशोरवयात पाहिलेला भीषण अपघात त्यांच्या मनातून गेला नाही. ‘द क्राउड’ ही कथा त्याच अपघातातून आली. विमानात ते प्रथम बसले १९८२ मध्ये, साठी ओलांडल्यावर. १९९९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतरही त्यांनी लेखन थांबवले नाही. ‘डँडेलियन वाइन’चा पुढचा भाग ‘फेअरवेल समर’ २००६ मध्ये आला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. डग्लसचा उन्हाळा त्यांनी अजून सोडला नव्हता.

५ जून २०१२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. ते ९१ वर्षांचे होते. त्याच वर्षी २२ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिनी, नासाने क्युरिऑसिटी यान मंगळावर जिथे उतरले त्या जागेला ‘ब्रॅडबरी लँडिंग’ हे नाव दिले.

आपली पुस्तके त्यांनी वॉकीगनच्या ग्रंथालयासाठी ठेवली. बालपणी ज्या घळीपाशी त्यांची पावले जड होत, तो परिसर आता रे ब्रॅडबरी पार्क या नावाने ओळखला जातो.