सभेतल्या गोंधळावर नियमांचं पुस्तक लिहिणारा इंजिनिअर

नगर परिषदेच्या सभेत सगळे एकदम बोलू लागले तर? यावर उपाय शोधला तो अमेरिकी लष्करातल्या एका इंजिनिअरने!

हेन्री मार्टिन रॉबर्ट यांचा जन्म १८३७ चा, साउथ कॅरोलायनातला. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड शहरात त्यांना अचानक चर्चच्या एका सभेचं अध्यक्ष करण्यात आलं. सभा चालवायची कशी, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सभेत गोंधळ झाला आणि रॉबर्ट ओशाळले.

पुढे बदलीनंतर सॅन फ्रान्सिस्कोत वेगवेगळ्या राज्यांतून आलेले लोक भेटले. प्रत्येकाची सभेची पद्धत वेगळी, त्यामुळे मूळ विषय बाजूलाच राही.

अखेर १८७६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने ४,००० प्रती छापल्या. 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' हेच ते पुस्तक.

एका वेळी एकच विषय. प्रस्तावाला अनुमोदन हवं. अध्यक्षांच्या परवानगीनेच बोलायचं. निर्णय बहुमताने, पण चर्चा बंद करायला दोन तृतीयांश मतं. म्हणजे संख्येच्या जोरावर कुणाचं तोंड सहज बंद करता येत नाही.

१९२३ मध्ये रॉबर्ट गेले. अमेरिकेतल्या अनेक नगर परिषदा आजही याच नियमांचा आधार घेतात.