मेजर थॉमस कँडी

मेजर थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. त्यांना जॉर्ज नावाचा जुळा भाऊ होता. १८२२ साली थॉमस भारतात आले. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते मराठी शिकले. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाला दोघा भावांनी मदत केली. तो १८३१ साली छापला. पुढे १८४७ साली इंग्रजी-मराठी कोशही झाला.

पूर्वी मोडीत सगळं सलग लिहायचे. वाक्य कुठं संपलं हे वाचणाऱ्यानंच ओळखायचं. इंग्रजीत मात्र विरामचिन्हे होती. ती कँडी साहेबांनी मराठीत रुळवली. १८५० साली त्यावर पुस्तक लिहिले.

इंग्रजीत प्रश्न विचारताना शब्द पुढेमागे होतात. धिस इज अ बुक, इज धिस अ बुक. मराठीत शब्द जागचे हलत नाहीत. म्हणून चिन्ह लागतेच.

यंदा आमची पेरणी अडली होती. पुण्याहून काकांचा मेसेज आला, पाऊस पडला. पुढं खूणच नाही! काका सांगत्यात का विचारत्यात, हे आजीला कळेना. बाबांनी फोन लावला. काका इकडचाच पाऊस विचारत होते.

कँडी साहेब १८७७ साली वारले. त्यांचे प्रश्नचिन्ह मला सगळ्यात आवडते. ते विळ्यासारखे दिसते.

मित्रांनो, लिहून झाले की चिन्हे तपासा.