गंजाची खपली

जखमेवर धरलेली खपली काढू नका, असे डॉक्टर बजावतात, कारण तिच्या आड नवी कातडी तयार होत असते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील मोलिन येथे एका कंपनीचे मुख्यालय गेली साठ वर्षे अशाच खपलीच्या आधाराने उभे आहे. फक्त ही खपली गंजाची आहे. ते मुख्यालय आखणारे वास्तुविशारद एरो सारिनेन यांना मात्र ते पुरे झालेले पाहता आले नाही.

सारिनेन यांचा जन्म २० ऑगस्ट १९१० रोजी फिनलंडमध्ये झाला. वडील एलिएल नामवंत वास्तुविशारद, आई लोया शिल्पकार. १९२३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले. एरो यांनी आधी पॅरिसमध्ये शिल्पकला शिकून पाहिली, मग १९३४ मध्ये येल विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेतली आणि वडिलांबरोबर काम सुरू केले. १९४७ मध्ये सेंट लुईस शहरातील स्मारकाच्या स्पर्धेत बापलेकांनी वेगवेगळे आराखडे पाठवले. अंतिम फेरीसाठी निवडीची तार चुकून वडिलांच्या नावे आली, घरात आनंद साजरा झाला आणि नंतर कळले की निवड मुलाची झाली आहे! पुढे स्पर्धाही मुलानेच जिंकली. तीच आजची १९२ मीटर उंचीची, चकचकीत पोलादाची कमान.

त्याच सुमारास त्यांनी एक ऐसपैस खुर्चीही बनवली. माणूस एकाच पद्धतीने ताठ बसत नाही. तो पाय वर घेतो, कूस बदलतो, अंग चोरून बसतो. या खुर्चीत ते सगळे करता येते. पाठीच्या दुखण्यावर आज हाच सल्ला मिळतो, की बराच वेळ एकाच स्थितीत बसू नका.

नांगर आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या डीअर कंपनीचे प्रमुख विल्यम ह्युइट १९५७ मध्ये त्यांच्याकडे आले. शेतकऱ्यांशी व्यवहार असलेल्या या कंपनीला झगमगाट नको होता. सारिनेन यांनी कोर-टेन नावाचे पोलाद निवडले. त्यात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात. साध्या लोखंडाचा गंज सुटा होऊन पडतो आणि आतला धातू पुन्हा उघडा पडतो. कोर-टेनवरचा गंज दाट असतो, घट्ट चिकटून राहतो; पाणी आणि प्राणवायू आत जाणे त्यामुळे फार मंदावते. कोळसा वाहणाऱ्या रेल्वे डब्यांसाठी हे पोलाद आधीपासून वापरात होते. दर्शनी इमारतीत ते उघडे ठेवण्याचे धाडस मात्र नवे होते. याचा आरोग्याशीही संबंध आहे. त्या काळी पोलादाला गंज लागू नये म्हणून शिशाचा शेंदरी लेप देण्याची पद्धत होती आणि शिसे रंगाऱ्यांच्या शरीरात साठत जाते. येथे रंगाची गरजच उरली नाही.

इमारतीची जागाही विचारपूर्वक ठरली. टेकडीच्या माथ्यावर मिरवण्याऐवजी ती झाडीतल्या घळीत उतरवली. खिडक्यांबाहेर पोलादी झडपा बसवल्या, त्यामुळे ऊन काचेवर पोहोचण्याआधीच अडते. काचही उष्णता परतवणारी घेतली. पडद्यांची गरज कमी झाली आणि बसल्या जागेवरून झाडे दिसू लागली. समोरच्या तळ्याचे पाणी वातानुकूलन यंत्रणेच्या कामी आले. खिडकीतल्या झाडांना औषधाचे मोल असू शकते, हे पुढे १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांच्या अभ्यासात दिसले. पित्ताशय काढलेल्या रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

१९६१ मध्ये सारिनेन यांच्या मेंदूत गाठ निघाली. सीटी स्कॅन यायला अजून दहा वर्षे होती. मेंदूभोवतीच्या पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रांवरून गाठीचा अंदाज बांधावा लागे. १ सप्टेंबर रोजी अॅन आर्बर येथे शस्त्रक्रियेदरम्यान त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५१. त्यांच्या हातची अनेक कामे अर्धवट होती. केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू या सहकाऱ्यांनी ती पुरी केली; डीअरचे मुख्यालय १९६४ मध्ये उभे राहिले.

आजच्या कसोटीवर ही इमारत पूर्णपणे पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही. काच भरपूर, वातानुकूलन कायमचे आणि गावाबाहेर असल्याने मोटारीशिवाय पोहोचणे अवघड. या पोलादालाही पथ्य आहे. ते आलटूनपालटून भिजले-वाळले तरच खपली धरते. सतत ओल राहिली किंवा मुंबई-रत्नागिरीसारखी खारी हवा असली की ते आतपर्यंत झिजत जाते. शिवाय पहिली काही वर्षे पावसाच्या पाण्याबरोबर तांबूस ओघळ खाली उतरतात. मोलिनची हवा त्याला मानवली. १९७८ मध्ये रोश आणि डिंकेलू यांनी शेजारी आणखी एक इमारत जोडली. तिच्या मध्यभागी काचेच्या छताखाली बाग आहे.