ज्याला बरं करता आलं नाही, त्या तुळशीरामनं बाबा आमटेंचं आयुष्य कसं बदललं?

पोराचा आजार बरा होणारा नाही, त्याला घरी घेऊन जा, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांना वाटतं, संपलं सगळं. आता करण्यासारखं काहीच उरलं नाही.

पण खरंच काही उरत नाही का?

याचं एक उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात सापडतं. तिथल्या एका वकिलाच्या आयुष्यात. आधी त्याची गोष्ट बघू, मग पुन्हा पोरांकडे येऊ.

या वकिलाचं नाव मुरलीधर देविदास आमटे. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. घरी जहागिरी होती. शिकारीचा नाद, सिनेमाचं वेड, फिरायला स्वतःची मोटार. घरचे लहानपणापासून बाबा म्हणायचे, पुढं तेच नाव देशभर झालं.

वकिली सुरू झाली, पण मन रमेना. सेवाग्राम जवळच होतं. गांधीजींशी संबंध आला आणि आयुष्याची दिशा बदलली. रेल्वेत गोऱ्या सोजिरांच्या तावडीतून बायकांना वाचवलं म्हणून गांधीजींनी त्यांना अभयसाधक हे नाव दिलं. १९४६ साली इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. याच आपल्या साधनाताई. पुढं बाबांनी वरोऱ्यात सफाई कामगारांसोबत डोक्यावरून मैला वाहायचं कामही केलं.

आणि एका पावसाळी रात्री त्यांना गटाराकाठी तुळशीराम दिसला.

कुष्ठरोगानं हातापायाची बोटं झडलेली. जखमांत किडे पडलेले. पण जीव शिल्लक होता. बाबांनी ते पाहिलं आणि काय केलं? ते पळाले. गांधीजींनी ज्यांना अभयसाधक म्हटलं, ते बाबा घाबरून घरी पळाले.

घरी आल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटायला लागली. ते परत गेले. तुळशीरामच्या डोक्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातलं, जखमा धुतल्या. त्याला बरं करणं हातात नव्हतं. तुळशीराम वाचला नाही. पण तो गटारात एकटा मेला नाही. त्याच्याजवळ माणूस होतं.

बाबांच्या पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात इथून झाली.

१९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे उपचार शिकले. तिथं प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतूही टोचून घेतले. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचूकाट्याच्या जमिनीवर आनंदवन सुरू झालं. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान पोरं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

तेव्हा कुष्ठरोगावर डॅप्सोन हे औषध आलं होतं. पण झडलेली बोटं औषधानं परत येत नव्हती आणि घरचं दारही उघडत नव्हतं. म्हणून बाबांनी दवाखान्यासोबत घर उभं केलं. रुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती केली, भाजी पिकवली. सुरुवातीला लोक ती भाजी विकत घेईनात. हळूहळू भीती गेली आणि आनंदवनाचा माल बाजारात खपायला लागला. पुढं १९७३ मध्ये गडचिरोलीच्या जंगलात, भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांसाठी तिथं दवाखाना थाटला.

दुसऱ्याचं दुखणं जवळ घेणाऱ्या बाबांना स्वतःचं दुखणंही चुकलं नाही. मणक्याच्या आजारामुळं बसता येईना. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशाच अवस्थेत त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. शेवटी रक्ताचा कर्करोग झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच, आपल्या माणसांत त्यांनी जीव सोडला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत त्यांचं दफन केलं.

आता पुन्हा त्या पोराकडे येऊ.

बाबांनी तुळशीरामसाठी जे केलं, त्याची आज एक वैद्यकीय शाखा आहे, पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार हटत नसला तरी त्रास हटवणारी शुश्रूषा. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली अशा रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून आधुनिक रूपात ही शाखा जगभर पसरली. मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना सांगते की ही शुश्रूषा शेवटच्या दिवसांत नाही, तर निदान झालं त्या दिवसापासून सुरू करायची. उपचार चालू असले तरीही.

गडचिरोलीत याचं महत्त्व जास्त आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. सिकलसेलच्या पोराचं अंग अशा वेळी ठणकायला लागलं, तर आराम घरातच मिळायला हवा.

त्यासाठी काय लागतं? डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वेदनेचं औषध, दुखणं असह्य व्हायची वाट न बघता वेळेवर देणं. लहान पोराला दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून त्याचं कण्हणं, खेळ सोडून गप्प पडणं ओळखणं. अंथरुणाला खिळलेल्या पोराची कूस बदलत राहणं. आणि रात्रंदिवस जागणाऱ्या आईला दोन तास झोपू देणं.

यातलं बरंचसं घरचे, शेजारी आणि गावातली आशाताई शिकून करू शकतात. फक्त असा आजार पाहिला की पहिल्यांदा सगळ्यांनाच पळावंसं वाटतं. बाबाही पळाले होते. पण ते परत फिरले.